तुळईला टांगलेला झोका

अर्णव आणि मीरा,

मागच्या महिन्यात मीरानं व्हिडिओ कॉलवर तिच्या शाळेतली एक खोली दाखवली. भिंतींना गाद्या, छताला टांगलेले रंगीत झोके. "आजी, ज्या मुलांना आवाजाचा, गर्दीचा त्रास होतो ना, ती इथं येऊन झुलतात. तुमच्याकडे असं काही नसेल ना?" तिचा सूर सहानुभूतीचा होता, म्हणून मी रागावले नाही. पण मी उत्तर देण्याआधीच तुमचा बाबा मध्ये बोलला. "आजीलाच विचार. ती लोकांच्या घरोघर जाऊन झोके टांगते. या वयात शिडीवर चढते." आणि बोलणं माझ्या कामावरून माझ्या गुडघ्यांवर गेलं, ते फोन ठेवेपर्यंत तिथंच राहिलं.

त्याच आठवड्यात या दिवाळी अंकाच्या संपादकांनी कामाच्या आठवणी मागितल्या. मी ठरवलं, लिहायचं, पण तुम्हा दोघांना उद्देशून. बाकीच्यांनी वाचलं तर माझी हरकत नाही. तुम्ही मराठी हळू वाचता, तेही चालेल.

तर मीरा, असतं. आमच्याकडे असं असतं. शाळेत नसलं तरी घरात असतं, कारण मी ते टांगते.

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे अडचणी असलेल्या माणसांना रोजची कामं जमवून देणारी. शाळा हैदराबादच्या कॉन्व्हेंटात झाली, पुढचं शिक्षण मुंबईत, पुस्तकं सगळी इंग्रजीत. पुस्तकातल्या चित्रांत छत नेहमी सिमेंटचं असायचं आणि त्याला एक चकचकीत हूक असायचा. लग्न होऊन धाराशिवला आले तेव्हा कळलं, इथल्या घरांना छतं तीन तऱ्हेची. जुन्या घरांना माळवद, म्हणजे लाकडी तुळयांवर फळ्या आणि वर मातीचा थर. मधल्या घरांना पत्रा. नव्यांना स्लॅब. पत्र्याला झोका टांगता येत नाही. स्लॅबला टांगता येतो, पण पंख्याच्या हुकाला नाही. हे वाक्य मी नोकरीत आणि निवृत्तीनंतर इतक्या वेळा बोलले आहे की माझ्या श्राद्धाला तुमच्या बाबानं भिंतीवर लिहून लावलं तरी चालेल. पंख्याचा हूक पंख्यासाठी असतो. पंखा उड्या मारत नाही.

आता झोका कशाला, ते सांगते. आपल्या कानाच्या आत तोल सांभाळणारा एक अवयव असतो. आपण हललो, वळलो, पडायला लागलो, की तो मेंदूला खबर देतो. काही मुलांच्या बाबतीत ही खबर फार मंद पोचते, म्हणून ती दिवसभर गरगर फिरतात, धावतात, भिंतीवर आपटतात. शरीर कुठं आहे हे त्यांना असं शोधावं लागतं. काहींच्या बाबतीत खबर फार जोरात पोचते, मग पायरी उतरतानाही ती किंचाळतात. हळू, पुढं-मागं झुलवलं की बहुतेक मुलं शांत होतात. गरगर फिरवलं की चेकाळतात. ताणल्या जाणाऱ्या कापडाची झोळी असेल तर ते कापड सगळ्या बाजूंनी अंगाला दाबतं, कुणी घट्ट जवळ घेतल्यासारखं. ऊसतोडीच्या बायका झाडाला लुगड्याची झोळी बांधून तान्ह्या लेकराला निजवतात. माझा झोका त्याच झोळीची थोरली बहीण, फक्त तिच्या मापांचा हिशोब जरा बारकाईनं केलेला.

नियम थोडे, पण ते मोडायचे नाहीत. झोका जमिनीपासून वीतभर उंच, त्याहून वर नाही. खाली गादी. जेवल्यावर लगेच नाही. मूल पांढरं पडलं, घामेजलं, जांभया देऊ लागलं की थांबायचं. आणि मुलाला उचलून झोक्यात घालायचं नाही. ते आपण होऊन येईपर्यंत थांबायचं. लोकांना हा शेवटचा नियम सर्वांत अवघड जातो.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. तुळजापुरात एका कचेरीतून निवृत्त झालेल्या गृहस्थांनी नातवासाठी झोका हवा म्हणून बोलावलं. मी गेले तर शिसवी बंगई, म्हणजे फळीचा झोपाळा, आधीच टांगलेली, पितळी कड्या, मोरांची नक्षी. "मॅडम, खर्चाकडं बघितलं नाही. आता फक्त उपचार तेवढा करून द्या." नातू बंगईखाली बसून कडीचा आवाज ऐकत होता. मी म्हटलं, "छान आहे. यावर तुम्ही बसा. नातवासाठी मी दुसरा टांगते." ते दोन दिवस रुसले. मग म्हणाले, "बंगई काढायची नाही ना पण?" नाही काढली. आज दोन्ही झोके एकाच खोलीत आहेत आणि आजोबांचाच जास्त वाजतो.

पण तुम्हाला खरं सांगायचं आहे ते बेंबळीचं.

निवृत्त होऊन थोडीच वर्षं झाली होती. सुरेखा नावाची एक बाई मुलीला घेऊन माझ्या दारात आली. मुलगी सहा वर्षांची, ईश्वरी. घरात तिला इशू म्हणत. बोलत नव्हती. माझ्या हॉलमध्ये ती भिंतीला हात लावत गोल गोल धावत राहिली आणि सुरेखा तिच्या मागं धावत मला हकीकत सांगत राहिली. इशूच्या डाव्या घोट्याभोवती कातडीवर एक फिकट पट्टा होता. मी त्याकडं पाहिलं, ते सुरेखानं पाहिलं.

"बांधतो आमी तिला," ती म्हणाली. "खांबाला. मऊ कापडानं. माझ्या जुन्या साडीच्या पदरानं. सगळी रानात गेली की एकट्या म्हातारीला ही आवरंल का, मॅडम? एकदा इहिरीच्या कडंला सापडली. एकदा रस्त्यावर, टिप्परच्या म्होरं."

 विहिरीच्या कडेला ज्यांना आपलं लेकरू सापडलेलं नाही, त्यांनी त्या पदराबद्दल बोलू नये.

तिच्या नवऱ्यानं, दत्तानं, लांबच्या शहरातली एक निवासी संस्था पाहून ठेवली होती. एका मोठ्या डॉक्टरांनी त्याला पाच मिनिटांत सांगितलं होतं की या मुलीत काही फरक पडणार नाही, उगाच पळापळ करू नका. सोयाबीन निघालं की तिला तिकडं सोडायचं ठरलं होतं.

"मला सोडायची न्हाय," सुरेखा म्हणाली. "ती बांधल्याबिगर घरात ऱ्हायली, एका जागी बसून जेवली, तर हे ऐकतील. तेवढं करा."

संस्था वाईट नव्हती, मी नंतर चौकशी केली. पण ज्या डॉक्टरांनी पाच मिनिटांत एका पोरीचं सगळं आयुष्य ठरवून टाकलं, त्यांचा मला इतका राग आला की मी त्याच दिवशी सोलापूरला निरोप धाडून ताणलं जाणारं कापड मागवलं. तुमच्या बाबाला वाटतं मी हे काम दयाबुद्धीनं करते. बरंच काम मी रागानं केलेलं आहे, आणि ते टिकलेलं आहे.

दत्ताला भेटायला बेंबळीला गेले. शांत माणूस, नजर खाली. "मॅडम, झोका बांधा, माझी ना न्हाय. पण सोयाबीन निघंस्तोवरच. त्याच्या म्होरं मला आशा लावू नका."

"आशा लावत नाही," मी म्हटलं. "हूक लावते."

घर माळवदाचं. मधल्या खोलीत सागाची जाड तुळई. मी दाभण घेऊन शिडीवर चढले. तुळईत जागोजाग दाभण खुपसून पाहायचं असतं. वाळवी असेल तर ते लोण्यात गेल्यासारखं आत जातं. इथं टोकसुद्धा शिरेना. मापं घेतली आणि ढोकीच्या हमीदभाईंकडं गेले. कारखान्याच्या रस्त्यावर त्यांचं वेल्डिंगचं दुकान, ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची कामं. ते माझ्यासाठी तुळईभोवती आवळायची लोखंडी पट्टी आणि खाली फिरती कडी करून देतात. "ट्रॉलीची कडी हाय मॅडम. भरल्या उसाला ऐकत न्हाय, तर लेकराला काय ऐकंल!" तरी मी तिथंच ज्वारीची भरली पोती टांगून ठेवून पाहिली. त्यावर हमीदभाई रागावले नाहीत, पण चहाही विचारला नाही.

पट्टी बसवायला गेले त्या दिवशी दत्ताची आई गयाबाई दारात उभी राहिली. माझ्याच वयाची, उंच, हात कमरेवर.

"बाई, झोका पंचमीचा. पंचमीला झाडाला बांधायचा आन् सोडायचा. घरात रिकामा झोका हलला की लेकराला बाधतो. म्या बांदू देणार न्हाय."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात सुरेखानं माझा हात दाबला. मला बाजूला नेऊन सांगितलं. इशूच्या आधी एक मुलगा झाला होता. तीन महिन्यांचा होऊन गेला. त्याचा पाळणा याच तुळईला होता. तो उतरवायची हिंमत कुणाला होईना, तेव्हा गयाबाईंनी स्वतः शिडीवर चढून तो उतरवला होता.

मी कान आणि मेंदूवरचं सगळं भाषण गिळलं. बाहेर येऊन विचारलं, "गयाबाई, तुमचं म्हणणं झोका रिकामा नको, असंच ना?"

"व्हय."

"मग रिकामा नाही ठेवत."

झोळी टांगली आणि मी स्वतः तिच्यात बसले. चष्मा हातात, साडी गुडघ्यांशी गोळा, पाय बाहेर. कापडानं मला गिळूनच टाकलं. दारात जमलेल्या शेजारणी हसून हसून एकमेकींवर पडल्या.

"अगं माय! बाईचं वय काय न् हे काय!" गयाबाई म्हणाल्या.

"वय तुमचंच. तुम्हीही बसा."

"म्या न्हाय बसत जा. हाडं मोडून घ्या तुमची तुमी." पण त्या हसल्या होत्या, आणि दारातून बाजूला झाल्या.

इशू मात्र झोक्याकडं फिरकलीच नाही. मंगळवारी आणि शुक्रवारी मी एसटीनं जायची, खोलीत एका कोपऱ्यात बसायची, झोका हातानं हळू हलवायची. ती त्याला वळसा घालून धावायची. सोयाबीन पिवळं पडत चाललं होतं. दत्ता रानातून आला की माझ्याकडं न बघता पाय धुवायचा. "तिला एकदा उचलून टाका की आत," असं शेजारच्या सगळ्यांनी सांगून झालं. मी नाही म्हटलं. सुरेखाही एकदा रडत तेच म्हणाली. तिलाही नाही म्हटलं. भीतीनं आत गेलेलं मूल दुसऱ्यांदा कधी येत नाही, हे मला माहीत होतं. पण सोयाबीन माझ्यासाठी थांबणार नव्हतं, हेही माहीत होतं.

मग एका दुपारी सुरेखाचा फोन. "मॅडम, सासूबाईंनी झोक्यात वरवंटा ठेवलाय."

अर्णव, मीरा, वरवंटा म्हणजे पाट्यावर वाटण वाटायचा लांबट दगड. आपल्याकडे बारशाला पाळण्यात बाळाच्या आधी वरवंटा निजवतात. पाळणा रिकामा हलू नये म्हणून. वाऱ्यानं झोळी हलायला लागली आणि गयाबाईंना ते बघवेना, तेव्हा त्यांनी वरवंट्याला इशूचं जुनं झबलं गुंडाळलं आणि तो आत ठेवून दिला.

मी पुढची एसटी पकडली. वाटेत काय काय बोलायचं ते पाठ केलं. दगड पायावर पडला तर? डोक्याला लागला तर? शिकलेल्या माणसानं किती समजून घ्यायचं? चप्पल काढता काढताच सुरुवात करणार होते.

खोलीत पाहिलं तर इशू झोक्यात होती. वरवंटा मांडीवर, दोन्ही हात त्याच्यावर. झोका जेमतेम हलत होता. गयाबाई खाली बसून दुधात कुस्करलेल्या भाकरीचे घास तिच्या तोंडाशी नेत होत्या आणि ती खात होती. एका जागी बसून. दाराशी सुरेखा तोंडावर पदर धरून उभी होती.

मी वरवंटा काढायला पुढं झाले. इशूची बोटं त्याच्यावर घट्ट झाली. मी हात मागं घेतला.

"काय बाई?" गयाबाई मान न वळवता म्हणाल्या. "म्या सांगत हुते का न्हाय, रिकामं ठेवू न्हाय म्हनून?"

"तुम्ही तो भीतीनं ठेवलात. तिला हवं होतं ते वजन. मांडीवर वजन असलं की अशा मुलांचं अंग ठिकाणावर येतं. आम्ही वाळूच्या पिशव्या वापरतो."

"ते कसंबी असू दे. माझं खरं निघालं का न्हाय?"

"अर्धं."

"मग अर्धं तर अर्धं. घे गं माय, खा." दुसरं वाक्य नातीला होतं.

हा प्रसंग ऐकून लोक मला हमखास म्हणतात, बघा, आपल्या जुन्या लोकांना सगळं ठाऊक होतं. नव्हतं. गयाबाईंना वजनाचं काही ठाऊक नव्हतं, आणि मला त्या घरात वजन कशातून येईल ते ठाऊक नव्हतं. आम्ही दोघी आपापल्या हट्टानं एका खोलीत आलो, आणि पोरीनं दोघींचं हवं ते उचललं. त्याच संध्याकाळी मी तिथं बसून जुन्या गोधडीच्या तुकड्याची पिशवी शिवली, वरवंट्याएवढी लांब, धुतलेल्या वाळूनं भरलेली. दोन दिवस दोन्ही वस्तू झोक्यात शेजारी ठेवल्या. तिसऱ्या दिवशी इशूनं पिशवी घेतली. वरवंटा पाट्यावर परत गेला, गयाबाईंनी आधी हळद-कुंकू वाहिलं.

त्यानंतर दिवसाची घडी बसवली. जेवायच्या आधी झोका. बाहेर आवाज वाढला की झोका. ती झोक्यातून उतरली की लगेच हाताला काम, शेंगा फोडायच्या, पाण्याची कळशी ढकलत न्यायची. धावणं थांबलं नाही. कमी झालं. खांबाला बांधलेला पदर सुरेखानं सोडला, पण घडी करून जवळच ठेवला होता. मी काढायला सांगितलं नाही.

सोयाबीन निघालं. मळणी झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी गेले तर ओसरीवर इशूच्या कपड्यांची बॅग भरलेली. दत्ता तिच्या शेजारी बसला होता.

"मॅडम, लई केलंत तुमी. म्या बघितलं न्हाय असं न्हाय. पण झोक्यात बसती म्हनून काय झालं? बोलत न्हाय, काय न्हाय. माझ्यामागं हिचं कोण?"

हा प्रश्न मला नोकरीभर प्रत्येक बापानं विचारला आहे. याचं उत्तर कोणत्याच पुस्तकात नव्हतं, इंग्रजीतसुद्धा नाही.

"तुमच्यामागचं मला माहीत नाही, दत्ता," मी म्हटलं. "माझ्यामागचंही माहीत नाही. आज दुपारचं माहीत आहे. आज दुपारी ती न बांधता घरात आहे आणि जेवली आहे. तुम्ही सुरेखाला हेच सांगितलं होतं ना?"

त्यानं बॅगेची चेन ओढून पाहिली. मग हळू आवाजात म्हणाला, "पैसे भरलेत तिकडं. शब्द दिलाय."

आतून गयाबाई आल्या. त्यांनी बॅग उचलली, आत नेली आणि पेटीवर ठेवून परत आल्या.

"आई, असं करू नको."

"गप रं. ह्या तुळईवरनं येक पाळणा म्या उतरवलाय. माझ्या हातानं. दुसऱ्यांदा उतरवणार न्हाय. तुला सोडायची आसंल तर आधी मला सोड जाऊन कुठंतरी."

सुरेखा हुंदका देऊन चुलीकडं गेली.  दत्ता उठून रानात निघून गेला, आणि सांजच्याला आला तेव्हा त्यानं बॅगेचा विषय काढला नाही. त्या घरात निर्णय असाच झाला. कुणी कुणाला हो म्हटलं नाही.

प्रत्येक घर बेंबळीसारखं निघत नाही. सोनारीला एका घरी मी टांगलेला झोका महिन्याभरात उतरवला गेला. पाहुण्यांत मुलाची चर्चा होते, थोरल्या बहिणीचं लग्न अडेल, असं कारण सांगितलं. मी दोनदा गेले. तिसऱ्यांदा दार उघडलं नाही. तो मुलगा आता मोठा झाला असेल. त्याची आठवण आली की मी अजून चिडते आणि चिडून झालं की पुढच्या घराची मापं काढते. झोक्यानं मूल बरं होतं असं मी कधी कुणाला सांगितलं नाही, कारण ते खोटं आहे आणि बरं व्हायला तो आजारही नाही. पण झोका काढून टाकल्यानं कुणाचं भलं झालेलं मात्र मी पाहिलेलं नाही.

तुमच्या बाबानं तिकीट पाठवतो म्हटलंय. तिकडं येऊन आराम कर म्हणतो. मी भेटायला येईन, राहायला नाही. कळंबच्या पुढं एका वस्तीवर जुळी मुलं आहेत, घर पत्र्याचं आहे आणि लोखंडी चौकट करावी लागणार आहे. शिडी धरायला आता मी कुणालातरी सोबत नेते, एवढं मी तुमच्या बाबाचं ऐकलं आहे. वर मात्र मीच चढते. दाभण दुसऱ्याच्या हातात असेल तर मला झोप लागत नाही.

बेंबळीला मागच्या शुक्रवारी जाऊन आले. कापड आतापर्यंत अनेकदा बदललं, हमीदभाईंची पट्टी तीच आहे. ओढून पाहिली, घट्ट आहे. गयाबाईंना आता दिसायला कमी आलं आहे, तरी झोका हलला की कोण बसलंय ते त्या ओळखतात. इशू उंच आणि जड झाली आहे, झोळी जमिनीला टेकायला लागली म्हणून झोका पुन्हा वीतभर वर घ्यावा लागला. ती गावच्या शाळेत दुपारपर्यंत बसते, मग घरी येते. बोलत नाही. ती घरात आहे आणि तिला कुणी बांधत नाही.